दगडी घरे कोणाची? : गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांचे चरित्र

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तृत्ववान स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी जरा विचारात पडले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, डॉक्टर आनंदीबाई, पंडिता रमाबाई ह्या सर्वांविषयी आपल्यापैकी अनेकींनी लिहिले आहे आणि ते माझ्यापेक्षा चांगल्या लेखणीने लिहिले आहे. मग मला गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन ह्या इंग्रज बाईंची आठवण झाली. जमीन उकरून जुन्या काळच्या माणसांचा इतिहास शोधून काढणारांत त्यांचे नाव फार मोठे आहे. आपल्या बोलण्यात मात्र ते सहसा येत नाही. परकीय बाईचे चरित्र आपल्या मंडळाच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी अंगावर घेतलेले काम वाचल्यावर तो प्रश्न राहणार नाही, असे मला वाटते.

गर्ट्रूडचा जन्म १ फेब्रुवारी १८८८ रोजी लंडनमध्ये झाला. ती पाच वर्षांची असताना वडील वारले. पुढे आईने दुसरा विवाह केला. घरची स्थिती चांगली होती. शिक्षण त्या काळच्या खात्यापित्या घरातील मुलींना मिळे तेवढे मिळाले. प्रवास झाला, संगीत झाले, शिकार झाली, मेजवान्या झाल्या. १९११ च्या सुमारास आईबरोबर ती इजिप्तला जाऊन आली आणि तेथील जुने अवशेष पाहून तिच्या मनाला पहिल्याने चटका लागला. परत आल्यावर ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन ग्रीसविषयीची व्याख्याने ऐकण्यास ती जाऊ लागली. त्याच सुमारास वारसाहक्काने थोडी रक्कम तिच्या हाती आली आणि स्वतःच्या पैशावर स्वतःचे आयुष्य ठरविण्याची सोय झाली. ही गोष्ट लहान नाही. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून इंग्लंडात जी चळवळ चालली होती, तिच्यातही तिने काम केले.

इतक्यात पहिले महायुद्ध आले. ज्या तरुण लष्करी अधिकाऱ्यावर तिचे प्रेम होते, तो १९१६ साली मारला गेला. तिने पुढे लग्न केले नाही. युद्धाच्या काळात ती सरकारच्या जहाज खात्यात नोकरीला लागली आणि १९१९ साली पॅरिसला तहाची परिषद भरली, तेथेही कामासाठी गेली. ह्या नोकरीत कायम होण्याची संधी तिला होती, पण ती तिने घेतली नाही. १९२१ साली, वयाची तेहतीस वर्षे पुरी झाल्यावर, गर्ट्रूडबाई लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसल्या. आपल्याकडे त्या वयाच्या बाईला आता काय शिकायचे राहिले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तेथेही असतीलच.

कॉलेजात त्यांना फ्लिंडर्स पेट्री हे गुरू मिळाले. जमिनीतून निघालेल्या साध्या मडक्यांच्या खापऱ्यांवरून काळ कसा ओळखावा, हे शास्त्र पेट्रींनी बसविले होते. मार्गारेट मरे ह्या विदुषीही तेथे शिकवीत. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बाई पेट्रींबरोबर इजिप्तमध्ये ॲबिडॉसला खोदकामास गेल्या. पुढे एका मोसमात त्यांनी एका रिकाम्या प्राचीन थडग्यात बिऱ्हाड केले होते. सोबतीला नाग होते आणि तरसांच्या भीतीने उशाखाली पिस्तूल ठेवावे लागे. नागांनी त्यांना काही केले नाही, त्यांनीही नागांना काही केले नाही.

१९२२ साली तूतनखामेन राजाची कबर सापडली आणि जगभर सोन्याची एकच चर्चा सुरू झाली. ज्याला त्याला राजांच्या कबरी हव्या होत्या. बाईंचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. राजे येण्याच्या आधी ह्या नदीकाठी माणसे कशी राहत होती, काय पेरीत होती, कोणत्या भांड्यात शिजवीत होती, हे त्यांना पाहावयाचे होते. १९२४ साली हमामिया नावाच्या जागी त्यांनी एक जुने खेडे उकरावयास घेतले. येथे त्यांनी जी रीत वापरली ती त्या काळी इजिप्तमध्ये नवी होती. एका वेळी सहा इंच जाडीचाच थर काढावयाचा, त्यात निघालेली प्रत्येक वस्तू कोठे आणि किती खोलीवर निघाली हे लिहून ठेवावयाचे, आणि मगच पुढचे सहा इंच. काम फार सावकाश होई. पण त्यामुळे बदारी नावाने ओळखली जाणारी मडकी त्या खेड्यात सर्वांत खालच्या थरात आहेत, म्हणजे ती सर्वांत जुनी आहेत, हे निर्विवाद ठरले.

त्यानंतर एलिनॉर गार्डनर ह्या भूस्तरशास्त्रज्ञ मैत्रिणीबरोबर त्या फायूमच्या वाळवंटात गेल्या. ह्या दोघींनी तेथे जे शोधून काढले ते वाचून मला आपल्या देशावरच्या गावांची आठवण झाली. जमिनीत खणलेली, आतून गवताच्या विणलेल्या वेटोळ्यांचे अस्तर दिलेली शंभराहून अधिक धान्याची पेवे त्यांना सापडली! काहींत गहू व जव शिल्लक होते. एका पेवात लाकडी विळा निघाला, गारगोटीची पाती अजून त्यात बसलेली. पुढे १९५० च्या सुमारास, सेंद्रिय वस्तूतील कार्बन मोजून वय काढण्याची नवी रीत निघाली, तेव्हा ती लावून पाहण्यासाठी ज्या पहिल्या वस्तू घेतल्या गेल्या त्यांत हे धान्यही होते. ते सहा हजार वर्षांहून जुने निघाले. फायूमच्या बाबतीत बाईंची एक चूकही झाली होती. तेथे राहून गेलेल्या दोन लोकसमूहांपैकी आधीचा कोणता व नंतरचा कोणता, हे त्यांनी उलटे धरले होते. पुढच्या संशोधकांनी ते सरळ केले.

आता ज्या कामासाठी मी हे चरित्र निवडले त्याकडे येते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात झिंबाब्वे नावाचा देश आहे. इंग्रजी अमलात त्याला दक्षिण ऱ्होडेशिया म्हणत, सेसिल ऱ्होड्स ह्या धनाढ्य साम्राज्यवाद्याच्या नावावरून. त्या देशात ग्रेट झिंबाब्वे ह्या नावाचे एक मोठे ओसाड नगर आहे. तेथील शोना लोकांच्या भाषेत ह्या नावाचा अर्थ दगडी घरे असा होतो. एका टेकडीवर प्रचंड धोंड्यांच्या मधून बांधत नेलेल्या भिंती आहेत. खाली खोऱ्यात एक मोठे गोलसर आवार आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर आणि उंची काही ठिकाणी ११ मीटर, म्हणजे आपल्या तीन मजली चाळीएवढी. ह्या सर्व बांधकामात चुना नाही. ग्रॅनाइटचे घडविलेले दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत आणि शेकडो वर्षे ते तसेच उभे आहेत. आवाराच्या आत वर निमुळता होत गेलेला एक भरीव बुरूज आहे. टेकडीवर मऊ दगडात कोरलेले पक्षी सापडले.

हे सर्व कोणी बांधले? त्या देशात राहणारे आफ्रिकी लोक म्हणत, आमच्या पूर्वजांनी. पण त्यांना विचारतो कोण! १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तेथे पोचला. त्याने दारावरच्या तुळईचा एक कपचा काढून आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला. वास सारखा, रंग सारखा, तेव्हा हे लेबनॉनचे देवदार, आणि म्हणून ही बायबलातील शीबाच्या राणीची वास्तू, असे त्याने ठरविले. प्रत्यक्षात ते लाकूड तेथल्याच रानातल्या झाडाचे होते. १८९० साली ऱ्होड्सच्या कंपनीने तो मुलूख घेतला आणि दुसऱ्याच वर्षी थिओडोर बेंट ह्याला तेथे खोदण्यास पाठविले. हे काम प्राचीन परकीयांचे, असा निर्वाळा त्याने दिला. १९०२ पासून रिचर्ड हॉल ह्याची तेथे देखरेखीवर नेमणूक झाली. त्याने अवशेष स्वच्छ करण्याच्या नावाखाली काही फूट जाडीचे थरच्या थर खणून फेकून दिले. काळ्या लोकांनी मागाहून केलेला कचरा, असे त्याचे मत. म्हणजे ज्यांची वस्ती होती त्यांची चूल, राख, खापऱ्या, सगळा पुरावाच त्याने उकिरड्यावर टाकला.

आपल्याकडेही कोणती लेणी दिसली की पांडवांनी एका रात्रीत खोदली असे म्हणण्याची चाल आहे. नाशिकच्या लेण्यांना तर पांडवलेणी हेच नाव पडले. पण आपल्या त्या गोष्टीने कोणाचे शेत गेले नाही. तिकडच्या गोष्टीने जात होते. हा देश पूर्वी गोऱ्या किंवा निदान बाहेरच्या लोकांनी वसविला होता, मध्ये रानटी लोक आले, आता आम्ही परत आलो, असे म्हणता येत होते. म्हणूनच १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकायव्हर ह्यांनी खोदकाम करून ही वास्तू आफ्रिकी लोकांची आणि मध्ययुगातली आहे असे सांगितले, तेव्हा तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांना ते रुचले नाही. वाद धुमसत राहिला. अखेर १९२९ साली दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश असोसिएशन ह्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेची सभा भरावयाची होती, तेव्हा त्या संस्थेने हे कोडे सोडविण्याचे काम केटन-थॉम्प्सन बाईंकडे सोपविले.

बाईंनी बरोबर दोघी घेतल्या. एक डोरोथी नोरी आणि दुसरी कॅथलीन केनियन. केनियन तेव्हा तेवीस वर्षांची होती, नुकतीच ऑक्सफर्डमधून बाहेर पडलेली, आणि तिच्याकडे छायाचित्रांचे काम होते. (हीच केनियन पुढे जेरिकोच्या उत्खननाने जगप्रसिद्ध झाली.) नेतृत्व करणाऱ्या तिन्ही स्त्रियाच, अशी ही मोहीम होती आणि वर्तमानपत्रांना त्याचेच कौतुक अधिक वाटले. खणण्याचे कष्ट अर्थातच तेथल्या आफ्रिकी मजुरांनी केले. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

ज्या जागी आधीच्या लोकांनी सगळे उपसून टाकले होते तेथे पुरावा मिळणार कसा? बाईंनी ज्यात आधी कोणी हात घातला नव्हता असे खोऱ्यातले एक लहानसे अवशेष निवडले. ह्या घरांतली जमीन माती चोपून केलेली होती. हे वाचताना मला आपली चोपण्याने चोपून केलेली आणि वर सारवलेली जमीनच दिसत होती. ज्यांनी तशी जमीन केली आहे त्यांना बाईंचे तर्कशास्त्र एका वाक्यात कळेल. जमीन अखंड असेल, कोठे फुटलेली किंवा उकरलेली नसेल, तर तिच्या पोटात जे सापडेल ते जमीन करण्याच्या आधीचे किंवा त्याच वेळचे असले पाहिजे. मागाहून ते आत जाणार नाही. अशा अखंड जमिनीच्या खाली आणि भिंतींच्या पायाच्या खाली बाईंनी शोध घेतला. त्या निमुळत्या बुरुजाच्या पायाखालूनही त्यांनी भुयार खणून पाहिले. शीबाच्या राणीची एकही वस्तू निघाली नाही. निघाली ती आफ्रिकी घाटाची खापरे, लोखंडी वस्तू आणि परदेशातून व्यापारात आलेले काचेचे मणी. वरच्या थरात जी भांडी, त्यांचीच पूर्वज भांडी खालच्या थरात. बांधणारे आणि राहणारे लोक एकच, आणि ते त्याच भूमीतले.

मण्यांविषयी मला थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. आपण रोज गळ्यात मणी घालतो, पण ते तारीख सांगू शकतात हे मला ठाऊक नव्हते. काचेचा मणी कोणत्या रीतीने ओढला, कोणत्या रंगाचा, कोणत्या देशात कोणत्या शतकात तसे होत, हे जाणणारे लोक असतात. बाईंना सापडलेल्या मण्यांचे धागे हिंदुस्थानापर्यंत आले, आणि हिंदी व्यापारामुळे त्या नगराच्या भरभराटीला मोठी चालना मिळाली असावी, असे त्यांनी मांडले. तिकडचे सोने व हस्तिदंत किनाऱ्यावर यावे आणि तेथून समुद्रपार जावे, बदल्यात इकडचे कापड व मणी जावेत, असा तो व्यवहार होता. पुढे ह्याला एक घरचा पुरावा मिळाला, तो सांगते. आपल्या कोकणातील चौल बंदरात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना जुने काचमणी मिळाले. त्या काचेची रासायनिक तपासणी होऊन २००८ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या एका जातीच्या मण्यांशी ती काच जुळली. रेवदंड्याला सहलीला जाताना आपण त्या चौलवरून कितीदा गेलो आहोत!

१९२९ च्या ऑगस्टमध्ये, खोदकाम संपून थोडेच दिवस झाले असताना, बाईंनी आपले निष्कर्ष दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या त्या सभेपुढे मांडले. सभेत रेमंड डार्ट हे शास्त्रज्ञ होते. मानवजातीचे मूळ आफ्रिकेत आहे हे दाखविणारी बालकाची कवटी चारच वर्षांपूर्वी त्यांनी जगापुढे आणली होती. तेच डार्ट आता रागाने लाल झाले आणि बाईंच्या मताचा त्यांनी भर सभेत आवेशाने निषेध केला. माणूस आफ्रिकेत जन्मला हे त्यांना पटत होते, त्याने तेथे भिंत बांधली हे पटत नव्हते. बाई डगमगल्या नाहीत. पुढे त्यांना कित्येक विक्षिप्त पत्रे येत राहिली. ती फाडून न टाकता त्यांनी वेड्यांची पत्रे म्हणून एका वेगळ्या फायलीत लावून ठेवली.

१९३१ साली त्यांचे झिंबाब्वे संस्कृतीवरील पुस्तक निघाले. ह्या नगराचा आरंभ त्यांनी थोडा आधीच्या शतकांत धरला होता. आता अभ्यासक मोठ्या बांधकामाचा काळ साधारण ११ व्या ते १५ व्या शतकापर्यंतचा मानतात. मूळ निष्कर्ष मात्र पक्का राहिला. आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगितली पाहिजे. बांधणारे आफ्रिकीच, हे ठणकावून सांगणाऱ्या ह्याच बाईंनी त्यांच्या बांधणीला बालबुद्धीची, तर्क न जाणणाऱ्या मनाची बांधणी म्हटले आहे. ते वाचून मला वाईट वाटले. पुराव्यापुढे त्यांनी आपला पूर्वग्रह नमविला, पण तो मनातून अगदी गेला नव्हता. अकरा मीटर उंचीची कोरडी भिंत सहाशे वर्षे उभी ठेवणारे लोक बालबुद्धीचे कसे?

आणि राज्यकर्त्यांनी काय केले? १९३० साली दक्षिण ऱ्होडेशियात जमीनवाटपाचा कायदा झाला आणि देशातली निम्म्याच्या आसपास जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. शास्त्र आपल्या जागी आणि सत्ता आपल्या जागी.

बाईंचे पुढचे आयुष्य मी थोडक्यात सांगते. १९३० नंतरची काही वर्षे त्यांनी पुन्हा गार्डनरबाईंबरोबर इजिप्तच्या खार्गा मरूद्यानात काम केले. १९३७ च्या हिवाळ्यात ह्या दोघी आणि फ्रेया स्टार्क ही प्रसिद्ध प्रवासी लेखिका अशा तिघी दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत भागात गेल्या आणि हुरैदा येथे चंद्रदेवतेचे देऊळ बाईंनी उकरून काढले. ह्या मोहिमेत स्टार्कबाईंचे आणि ह्यांचे मुळीच पटले नाही. एकीला माणसांत मिसळून गप्पा करावयाच्या असत, दुसरीला थर मोजावयाचे असत. तीन हुशार बायका एका बिऱ्हाडात, मग काय व्हावयाचे! सहलींचा अनुभव असलेल्या आपल्या सभासदांना अधिक सांगावयास नको.

मानसन्मान पुष्कळ आले. १९३४ साली मानवशास्त्र संस्थेचे रिव्हर्स पदक त्यांना मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९४० ते १९४६ पर्यंत त्या इंग्लंडच्या प्रागैतिहासिक संशोधन संस्थेच्या अध्यक्षा होत्या, तेथेही पहिल्याच स्त्री. १९४४ साली ब्रिटिश ॲकॅडमीने त्यांना फेलो करून घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी स्वतः खोदकाम केले नाही. केंब्रिजला त्या एका स्नेही कुटुंबाबरोबर राहत. १९५६ साली त्याच कुटुंबाबरोबर वूस्टरशायरमधील ब्रॉडवे गावी गेल्या. पूर्व आफ्रिकेच्या इतिहाससंशोधनासाठी जी ब्रिटिश संस्था निघाली तिच्या उभारणीतही त्यांचा हात होता. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, १९८३ साली, त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले.

दरम्यान १९६५ साली ऱ्होडेशियातील गोऱ्या सरकारने इंग्लंडशी संबंध तोडून स्वतःच स्वातंत्र्य जाहीर केले. मग ग्रेट झिंबाब्वे आफ्रिकी लोकांनी बांधले असे मार्गदर्शक पुस्तिकांतून स्पष्ट लिहू नये, म्हणून दडपण येऊ लागले. बाईंच्या पुस्तकाला तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता! पीटर गार्लेक ह्या तरुण पुराणवस्तुसंशोधकाने खरे लिहिण्याचे सोडले नाही. शेवटी १९७० च्या सुमारास त्याला देश सोडावा लागला. त्याचे ग्रेट झिंबाब्वेवरील पुस्तक १९७३ साली बाहेर आले. त्याने सांगितले ते मूलतः बाईंचेच म्हणणे होते, नव्या पुराव्यांनी भरभक्कम केलेले.

१८ एप्रिल १९८० रोजी तो देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला. नव्या राज्याने ऱ्होड्सचे नाव पुसून त्या दगडी घरांचे नाव घेतले आणि टेकडीवरचा तो दगडी पक्षी आपल्या निशाणावर घातला. ब्याण्णव वर्षांच्या गर्ट्रूडबाई तेव्हा ब्रॉडवेच्या घरी होत्या. त्यानंतर त्या पाच वर्षे जगल्या. १९८५ साली त्यांचे निधन झाले, तोही दिवस १८ एप्रिलचाच होता.